अक्षर नक्की कुठे तोडायचं?

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. जरा नीट बघा. पहिला समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर प्रवचन होईल आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर जेवण. फरक एवढाच, की एकात र डोक्यावर चढून बसलाय आणि दुसऱ्यात तो य च्या अंगाला पापणीसारखा चिकटलाय. बोलताना आपला यात कधी गोंधळ होत नाही. पण छापताना किंवा टाइप करताना हा पापणीवाला र मिळणार की नाही, हे आपल्या हातात कधीच नव्हतं. ते ठरवायचा अक्षरांचे ठसे पाडणारा माणूस. आजच्या भाषेत फॉन्ट बनवणारा.

गेले काही वीकेंड मी फॉन्टफोर्ज नावाचं सॉफ्टवेअर उघडून बसतोय. फुकट आहे, आणि त्यात घरबसल्या स्वतःचा फॉन्ट बनवता येतो. कागदावर अक्षर काढा, स्कॅन करा, त्याच्या कडेकडेने बिंदू टाकत वक्ररेषा ओढा, झालं अक्षर. रोमन लिपीत हा प्रकार शनिवार-रविवारात उरकतो. मोठी २६, लहान २६, दहा आकडे, थोडी विरामचिन्हं, खेळ खलास. देवनागरीत मात्र क काढून झाला की लगेच प्रश्न येतो, आता ‘कि’ वेगळा काढू का? ‘कृ’? ‘क्त’? ‘र्क’? ३६ व्यंजनं गुणिले बाराखडीतले १२, म्हणजे ४३२ तर नुसती बाराखडीच झाली. जोडाक्षरं अजून सुरूही नाहीत. सगळं अख्खं काढत बसलो तर रिटायर होईन. मग तुकडे करायचे. पण तुकडे कुठे करायचे?

थोडं वाचायला लागल्यावर कळलं, की देवनागरी छपाईचा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत. आणि दर वेळी उत्तर भाषेने कमी आणि यंत्राने जास्त दिलंय.

सुरुवात आपल्याकडून लांब, बंगालमध्ये होते. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला विल्यम केरी या मिशनऱ्याचा छापखाना होता. तिथे पंचानन कर्मकार नावाचा कारागीर अक्षरं कोरायचा. केरीचं मराठीचं व्याकरण १८०५ साली देवनागरी ठशांत छापलं गेलं आणि १८१० साली त्याचा मराठी शब्दकोश आला तो चक्क मोडीच्या ठशांत. श्रीरामपूरच्या नागरीसाठी सातशेच्या आसपास ठसे लागले होते. सातशे! आणि एक ठसा म्हणजे काय काम असतं बघा. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं, म्हणजे आरशात दिसतं तसं, कोरायचं. हा पंच. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकून खोलगट छाप पाडायची. ही मातृका. ती साच्यात बसवून शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतायचा. थंड झाला की एक टाइप तयार. एक वेलांटी चुकली तर कांडी फेकून द्या आणि पहिल्यापासून सुरू. कंट्रोल-झेड नाही.

मुंबईत हे काम अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम याने केलं. त्याच्या हाताखाली पुढे जावजी दादाजी हा पोरगा तयार झाला. जन्म १८३९ चा. शिक्षण बेताचंच, पण हात आणि डोळा असा, की १८६४ साली त्याने स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना. सोबतीला राणोजी रावजी आरू हा पंच कोरणारा दोस्त. निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं भारतभर आणि भारताबाहेरही पंडितांच्या घरी पोचली आणि त्यांचं वळण म्हणजेच देवनागरीचं वळण असं लोक मानायला लागले. जावजी १८९२ साली गेले. आजोबांच्या घरी जुनी पोथी किंवा स्तोत्रांचं पुस्तक असेल तर पहिलं पान उघडून छापखान्याचं नाव बघा, बऱ्यापैकी शक्यता आहे.

आता तुकड्यांचा प्रश्न या लोकांनी कसा सोडवला? एक पद्धत अशी, की ओळ तीन मजली धरायची. मधल्या मजल्यावर अक्षर, वरच्यावर मात्रा-वेलांट्या, खालच्यावर उकार. जुळारी हे तीन मजले हाताने रचणार. ठसे कमी लागतात, पण जुळणी म्हणजे जिकिरीचं काम आणि वरच्या नाजूक मात्रा पटापट तुटतात. दुसरी पद्धत ‘अखंड’. अक्षर मात्रेसकट एकाच तुकड्यात ओतायचं. दिसायला देखणं, पण मग टाइप ठेवायच्या घरांची संख्या वाढत जाते आणि जुळाऱ्याचा हात सतत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत राहतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. मेमरी वाचवायची की प्रोसेसिंग? दोन्ही फुकट मिळत नाही.

गंमत म्हणजे याच काळात मुंबईत एक उपाय असाही होता ज्यात काहीच तोडावं लागत नव्हतं. शिळाछाप. दगडावर चिकट शाईने सरळ हाताने लिहायचं आणि त्याच्या प्रती काढायच्या. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली छापलेलं पंचांग शिळाछापच होतं. लेखक जसा लिहील तसं छापून येणार. अर्धा र, उभं जोडाक्षर, लांबलचक वेलांटी, सगळं चालतं. फक्त प्रत्येक पान नव्याने लिहावं लागतं आणि एकदा लिहिलेलं अक्षर दुसऱ्या पानावर उचलून नेता येत नाही. कॉपी आहे, पेस्ट नाही. मोठ्या पुस्तकांच्या आणि रोजच्या छपाईच्या धबडग्यात अखेर शिसंच जिंकलं.

विसाव्या शतकात यंत्रं आली आणि प्रश्न उलटा झाला. हाताने जुळवताना सातशे घरं परवडत होती. लायनोटाइप यंत्राला मात्र कळा होत्या ९०. हरी गोविंद गोविल यांनी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लायनोटाइपसाठी देवनागरी बसवायचं काम केलं, ते याच नव्वदांत. पाठोपाठ टाइपरायटर, तिथे शिफ्ट धरूनसुद्धा तेवढीच मजल. आता सातशेचे नव्वद करायचे कसे?

दोन मार्ग. एक, अक्षरांची आणखी खांडोळी करायची. दोन, लिपीच बदलायची. आणि हा दुसरा मार्ग आपल्याकडे फार गंभीरपणे घेतला गेला. रत्नागिरीला असताना सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. त्यातली ‘अ ची बाराखडी’ प्रसिद्ध आहे. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही वेगळी अक्षरं कशाला, अ लाच वेलांटी, उकार, मात्रा लावा, म्हणजे अि, अी, अु, अू, अे, अै. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ही पद्धत प्रत्यक्ष छापून वापरली. जुने अंक चाळताना ‘अितिहास’ दिसला तर ती छपाईची चूक समजू नका. १९५३ साली लखनौला लिपिसुधारणेसाठी परिषद भरली आणि तिथे तर ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उचलून उजवीकडे टाकावी, फक्त दांडी आखूड ठेवावी अशी शिफारस झाली. कारण काय, तर उच्चार आधी क चा आणि मग इ चा, मग लिहिताना उलटं का? तर्क बिनतोड होता. लोकांनी ऐकलं नाही. शिफारस मागे पडली.

मला यात कोणाची टिंगल करायची नाही. ही मंडळी हुशार होती, तळमळीची होती. छपाई स्वस्त आणि वेगवान झाली नाही तर आपली भाषा मागे राहील ही भीती खरी होती. पण आज मागे वळून बघताना अंगावर काटा येतो, की नव्वद कळांचं एक यंत्र, जे तसंही काही दशकांत भंगारात जाणार होतं, त्याच्यासाठी आपण वेलांटीची बाजू कायमची बदलायला निघालो होतो.

मग कॉम्प्युटर आला. इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं, डोनाल्ड नुथ. आपण कॉलेजमध्ये ज्याच्या अल्गोरिदमच्या पुस्तकांचं नुसतं नाव ऐकतो तो. १९७७ साली त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. नव्या फोटो-तंत्राने जुळवलेली. ती त्याला इतकी कुरूप वाटली, की साहेबांनी पुस्तक बाजूला ठेवून छपाईचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्यातलं अक्षर बनवणारं सॉफ्टवेअर म्हणजे मेटाफॉन्ट. त्यात अक्षर काढायचं नाही, अक्षराचा प्रोग्रॅम लिहायचा. पेन इथून निघेल, इतकं वळेल, इतकं जाड होईल. एका ‘एस’ या अक्षराच्या वळणाने त्याला एवढं छळलं, की १९८० साली त्याने त्यावर अख्खा लेख लिहिला. मुंबईचे पी. के. घोष स्टॅनफर्डला गेले होते आणि १९८३ साली तिथून भारतीय लिप्यांची अक्षररचना आणि जुळणी यांवर त्यांचा अहवाल निघाला. म्हणजे आपली लिपी या खेळात पहिल्या काही वर्षांतच उतरली होती.

पण घराघरांत पोचलं ते दुसरंच तंत्र. १९८६ साली मॅकिंटॉशवर फॉन्टोग्राफर नावाचं सॉफ्टवेअर आलं. प्रोग्रॅम वगैरे लिहायची भानगड नाही, माउसने बिंदू ओढा आणि वळण द्या. पंच कोरायला आयुष्य घालवण्याची गरज संपली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मराठी फॉन्टचं पीक आलं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, सुशा. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, वर्तमानपत्रं, सगळी यांच्यावर चालायची.

फक्त आत एक गोम होती. या फॉन्टमध्ये घरं होती २५६. त्यातली पहिली ३२ नियंत्रणासाठी, आणखी काही इकडे तिकडे खर्च. उरलेल्या दोनशेएक घरांत देवनागरी कोंबायची. म्हणजे पुन्हा तेच, टाइपरायटरचेच तुकडे. क चं पोट एका घरात, त्याचा उरलेला भाग दुसऱ्यात, काना तिसऱ्यात. आणि कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीने स्वतःच्या मर्जीने ठरवलेलं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते मराठी नव्हतंच. त्याला दिसायची रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं, वर फक्त मराठीचा मुखवटा. फॉन्ट काढला की मुखवटा गळाला.

याची किंमत काय असते ते मी जवळून पाहिलंय. माझ्या एका मित्राच्या वडिलांनी २००२ च्या सुमारास घराण्याचा इतिहास टाइप केला होता. कोकणातलं गाव, जमिनीचे वाद, कोण कधी मुंबईला आलं, आजीकडून ऐकलेल्या गोष्टी. १४० पानं. वडील गेले, कॉम्प्युटर गेला, फॉन्टचं नाव कोणाला आठवेना. उरली फाइल, आणि ती उघडली की पडद्यावर नुसता कचरा. नशिबाने पहिल्या सात पानांची प्रिंट एका कपाटात सापडली. मग मी आणि मित्राने ती पानं समोर ठेवून एकेक चिन्ह जुळवत तक्ता बनवला आणि पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. तक्ता बनवणं सोपं होतं. खरी मारामारी वेलांटीची आणि रफाराची. जुन्या फाइलमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, कारण ती दिसते आधी. रफार येतो अक्षराच्या नंतर, कारण तो चढवला जातो नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट, उच्चाराच्या क्रमाने. प्रत्येक ‘ि’ उचलून पुढे न्यायची, प्रत्येक ‘र्’ मागे आणायचा. लखनौच्या परिषदेला जे कागदावर करायचं होतं, ते मी फाइलच्या पोटात करत होतो, आणि बाहेर वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नव्हता! :)

मला वाटतं, इथे दोनशे वर्षांचा गुंता पहिल्यांदा सुटला. १९९१ साली युनिकोड आलं, देवनागरीची त्यातली मांडणी आपल्याच इस्की या प्रमाणावर बेतलेली. त्यात प्रत्येक अक्षराला एक कायमचा नंबर मिळाला, आकाराला नाही. नव्वदीच्या उत्तरार्धात ओपनटाइप आलं आणि फॉन्टच्या आत आकारांसोबत नियमही ठेवता यायला लागले. क नंतर पाय मोडून त आला तर ‘क्त’ हा आकार दाखव, असे नियम. साठवायचं उच्चाराने, दाखवायचं डोळ्यांच्या सवयीने. घरांची संख्या २५६ वरून एकदम ६५ हजारांवर. आता तोडायची सक्ती कोणाचीच नाही. या नियमांच्या यादीत क्ष आणि ज्ञ साठी जो खास नियम आहे त्याचं अधिकृत नाव काय माहितीये? ‘अखंड’! शिशाच्या छापखान्यातला आपला जुना शब्द थेट फॉन्टच्या कोडमध्ये.

विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला, तो रचला र. कृ. जोशींनी. जाहिरात क्षेत्रात काम केलेले, कवी, बोरू हातात घेऊन भलीमोठी अक्षरं काढणारे सुलेखनकार, पवईच्या आयआयटीत शिकवणारे. २००८ साली ते गेले. आपण सगळ्यांनी ‘मंगल’ला नावं ठेवली आहेत, पण संगणकाच्या पडद्यावर मराठी वाचायला शिकलेल्या पहिल्या पिढीने वाचली ती बहुतेक त्याच अक्षरांत.

तरी मराठीचे काही हट्ट बाकी होतेच. पापणीवाल्या र साठी सुरुवातीला लोक र, मग पाय मोडका, मग एक न दिसणारं जोडचिन्ह असं तीन कळांचं कर्मकांड करायचे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये आलं ते थेट २००८ साली. तोवर ‘ॲसिड’ लिहायला अ वर चंद्र डकवावा लागे आणि तो कधी नीट बसे, कधी शेजारी लोंबकळे. आणि ल व श? आपला पाकळ्यांचा ल आणि देठाचा श. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचेच होते आणि आपल्या मुलांना तेच खरे वाटायला लागले. २०२२ साली तर राज्य सरकारला देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल वापरा असा शासन निर्णय काढावा लागला. पण निर्णयाने अक्षर बदलत नाही, फॉन्टने बदलतं. ओपनटाइपमध्ये त्याची सोय आहे. मजकूर मराठी आहे असं सांगितलं की त्याच फॉन्टमधला दुसरा ल पुढे येतो. मात्र तो दुसरा ल कोणीतरी बसून काढलेला असावा लागतो.

आता हे ‘कोणीतरी’ कोण? इथेच मला या सॉफ्टवेअरचं महत्त्व वाटतं. जॉर्ज विल्यम्स नावाच्या एका माणसाने २००० साली एक फॉन्ट एडिटर लिहून सगळ्यांना वाटून टाकला. २००४ पासून त्याचं नाव फॉन्टफोर्ज. जावजींना जे शिकायला एका छापखान्यात उमेदवारी करावी लागली, त्याचा निदान श्रीगणेशा करायला आज डाउनलोड बटण पुरतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’सारखे देखणे फॉन्ट खुल्या परवान्यावर दिलेत. ते फॉन्टफोर्जमध्ये उघडा आणि एकेक नियम वाचा. सोर्स कोड वाचल्यासारखंच आहे. मी रफार कसा बसवायचा ते तिथूनच शिकलो.

काम सोपं झालंय असं मात्र समजू नका. सॉफ्टवेअर वक्र गुळगुळीत करून देतं, पण ग आणि म यांच्यातली पांढरी जागा सारखी दिसते का, हे डोळ्यांनीच ठरवावं लागतं. शिरोरेषेचं तर विचारूच नका. प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरात अगदी किंचित घुसवावी लागते, नाहीतर मोठं करून बघितलं की मधे केसाएवढी फट. जुन्या शिशाच्या पुस्तकांतही ती फट दिसते. भिंग घेऊन बघा, शिरोरेषा जागोजागी तुटलेली असते. दीडशे वर्षांपूर्वीच्या जुळाऱ्याचा आणि माझा प्रॉब्लेम एकच आहे, हे कळल्यावर उगाच बरं वाटलं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर एक सल्ला. अ पासून सुरुवात करू नका, कंटाळाल. आधी व, प, र आणि काना काढा. व ला एक आडवी रेघ दिली की ब, प ला तिरकी रेघ दिली की ष, र आणि व शेजारी बसवले की ख, असे बरेच सुटे भाग यांतूनच निघतात. मग अर्धी अक्षरं. मग रफार. आणि पापणीवाला र शेवटासाठी ठेवू नका, तो राहूनच जातो. माझ्या फॉन्टमध्ये सध्या ११८ आकार झालेत. क्ष अजून दोन पायांवर नीट उभा राहत नाही, ळ जरा जास्तच गुटगुटीत झालाय. पण परवा त्यात पहिलं वाक्य टाइप केलं, ‘दऱ्याखोऱ्यांतून वारे वाहतात’. दोन्ही र जागच्या जागी होते.